पॅनेल नंतर, आधी डीपीपासूनची वायर बघा

प्रश्न थोडक्यात असा: सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यातल्या गावात राहतं घर. सिंगल फेज जोड, मंजूर भार २ किलोवॅट, महिन्याचा वापर २५० ते ३०० युनिट. पोलापासून मीटरपर्यंत पस्तीसेक मीटर अंतर, सर्व्हिस वायर वीस वर्षांपूर्वीची. एजन्सीवाला ५ किलोवॅटचं सोलर घ्या म्हणतो, 'बिल झिरो' म्हणतो. शेजाऱ्यांनी गेल्या वर्षी ५ किलोवॅट बसवलं, पण त्यांचा इन्व्हर्टर भर दुपारी अकरा ते दोनच्या दरम्यान सारखा बंद पडतो. घ्यावं का, किती घ्यावं, महावितरणकडे काय करावं लागतं, आणि लाइट गेल्यावर सोलर चालेल का? जोडीला आणखी एक: भावाच्या पुण्यातल्या सोसायटीत जनरेटर आहे, तिथे काही वेगळं करावं लागतं का?

माझं काम छतावरचं सोलर ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, जोडणं. पॅनेल कुठल्या कंपनीचं घेऊ, हे सगळे विचारतात. पोलापासून घरात येणारी वायर किती जाडीची आहे, हे कुणी विचारत नाही. तुम्ही निदान अंतर आणि वायरचं वय लिहिलंत, म्हणून उत्तरही तिथूनच सुरू करतो. शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची डीसी वीज घराला आणि ग्रिडला चालणाऱ्या एसीत बदलणारं यंत्र, बिघडलेला नाही. बहुधा तो नेमून दिलेलं कामच करतोय.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा नियम असा आहे की ग्रिडला जोडलेल्या अशा यंत्रणेच्या जागी व्होल्टेज ठरलेल्या व्होल्टेजच्या ८० टक्क्यांच्या खाली किंवा ११० टक्क्यांच्या वर गेलं, तर तिने दोन सेकंदांत ग्रिडपासून सुटायचं. २३० चे ११० टक्के म्हणजे २५३ व्होल्ट. हा आकडा लिहून ठेवा, पुढचं सगळं याच्याभोवती फिरतं.

आता डीपीकडे, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरकडे, या. आपल्याकडचा ट्रान्सफॉर्मर ११ केव्ही ते ४३३ व्होल्टचा असतो. ४३३ हे फेज-फेजमधलं. एका फेजला न्यूट्रलशी मोजलं तर २५० येतात. लोड असलं की वायरींमध्ये व्होल्टेज पडत जातं आणि घरात २३०-२३५ मिळतं. ते पडणार हे धरूनच सुरुवातीला वर ठेवलेलं असतं. पण भर दुपारी गावठाण फीडरवर, म्हणजे गावातल्या घरांच्या लाइनीवर, लोड कितीसं असतं? माणसं शेतावर, घरात फ्रिज आणि एखादा पंखा. त्यामुळे डीपीजवळच्या घरात ऐन उन्हाच्या वेळी २४५-२४८ व्होल्ट मिळणं काही विशेष नाही. म्हणजे इन्व्हर्टरला वर जायला जागा उरते पाच ते आठ व्होल्टची.

आणि इन्व्हर्टरला वर जावंच लागतं. वीज घरातून पोलाकडे ढकलायची तर घराकडचं व्होल्टेज पोलापेक्षा जास्त असावं लागतं. किती जास्त, ते वायर ठरवते. तुमच्या घराचा हिशेब मांडतो. ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर पूर्ण ताकदीने चालला की साधारण २२ अँपिअर देतो. जुन्या घरांना अनेकदा ४ स्क्वेअर एमएमची ॲल्युमिनियम सर्व्हिस वायर असते. तिचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम. अंतर ३५ मीटर असलं तरी फेज आणि न्यूट्रल मिळून ७० मीटर वायर, म्हणजे अर्ध्या ओहमहून थोडं जास्त. त्याला २२ ने गुणलं की ११ व्होल्ट होतात. पोलावर २४५ असतील तर मीटरपाशी २५६. इन्व्हर्टर सुटला. दोन-एक मिनिटांनी ग्रिड तपासून पुन्हा जोडून घेतो, वर चढतो, पुन्हा सुटतो. बारा वाजता, जेव्हा सर्वांत जास्त युनिट बनायला हवेत, तेव्हा हा खेळ चालतो. मोबाइल ॲपवर दिवसाचा आलेख बघा: चांगल्या दिवशी तो टेकडीसारखा गोल दिसतो, अशा घरात मधोमध करवतीचे दाते दिसतात.

तीच वायर बदलून १६ स्क्वेअर एमएमची ॲल्युमिनियम केबल टाकली की रोध किलोमीटरला १.९ ओहमवर येतो आणि ११ व्होल्टचे ३ होतात. पॅनेलच्या किमतीपुढे ही केबल किरकोळ आहे. तरी कोटेशनमध्ये ती सहसा नसते, कारण एजन्सीचं काम मीटरपर्यंत संपतं.

शेजाऱ्यांकडे दोष नेमका कुठे आहे हे शोधायला अर्धा तास आणि एक बरा मल्टिमीटर पुरतो. स्वच्छ उन्हात, बाराच्या सुमारास, जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून मीटरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजून घ्या, आधी सोलरचा एमसीबी (बोर्डावरचा खटका) पाडून आणि मग सोलर चालू ठेवून. सोलर बंद असतानाच २४८-२५० असेल तर दुखणं डीपीकडचं. सोलर बंद असताना २४०, चालू केल्यावर २५२, तर दुखणं सर्व्हिस वायरीचं किंवा पोलावरच्या सैल जोडाचं. मीटरपाशी २४५ आणि इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर २५३, तर छतावरून खाली आणलेली एसी केबल बारीक आहे. ते एजन्सीनेच निस्तरायचं. तिसरा प्रकार बराच आढळतो. तीन मजले उतरून येणाऱ्या केबलीत पैसे वाचवलेले असतात.

न्यूट्रलचा सैल जोड वेगळा तपासा. पोलावर पिळा मारून जोडलेली, काळी पडलेली ॲल्युमिनियम तार असेल तर न्यूट्रल तरंगतो आणि व्होल्टेज कुठल्याही बाजूला उडतं. तिथे सोलर सोडा, टीव्ही आणि फ्रिजही धोक्यात. पोलावरचं काम वायरमनकडूनच करून घ्यायचं, आपला माणूस शिडी लावून चढवायचा नाही.

डीपीवरच व्होल्टेज जास्त असेल तर महावितरणच्या सेक्शन ऑफिसला लेखी अर्ज द्या, सोबत इन्व्हर्टरच्या ॲपमधली व्होल्टेजची नोंद जोडा. 'सोलर बंद पडतं' एवढंच लिहिलेल्या अर्जाचं काही होत नाही. 'अमुक तारखांना ११ ते २ मध्ये २५३ च्या वर' असं लिहिलं की ज्युनियर इंजिनिअरला हातात काहीतरी मिळतं. मोठ्या ट्रान्सफॉर्मरला व्होल्टेज कमी-जास्त करायचा टॅप असतो, तो एक पायरी खाली घेता येतो. गावातल्या ६३ किंवा १०० केव्हीएच्या डीपीला बहुधा टॅप नसतो. तिथे फेजवरचा भार सारखा वाटणं हाच उपाय. पाच घरांचं सोलर एकाच फेजवर आणि बाकी दोन फेज मोकळे, असं सर्रास असतं. दोन घरांचे फेज बदलले तरी बराच फरक पडतो.

एजन्सीवाला यावर एक सोपा उपाय सुचवेल: इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये वरची मर्यादा २७० करून टाकतो. करू देऊ नका. इन्व्हर्टर बंद पडणार नाही, पण ते २६५ व्होल्ट तुमच्याच घरातल्या एलईडी आणि फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर बसतील, शेजाऱ्यांच्याही. शिवाय नियमात ते बसत नाही.

आता किती किलोवॅट. महाराष्ट्रात १ किलोवॅट पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतं. एप्रिल-मेमध्ये जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये निम्म्यावर. म्हणजे ३ किलोवॅटचे महिन्याला सरासरी ३६० युनिट. तुमचा वापर ३०० च्या आत. तुम्हाला ३ पुरतं, उद्या एखादा एसी घेतला तरी. ५ किलोवॅट घेऊन महिन्याला ६०० युनिट बनवून काय करणार? उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा राहतात, पण ३१ मार्चला खातं बंद होतं आणि शिल्लक युनिट महावितरण राज्य वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते. तो दर तुम्ही वाचवलेल्या युनिटच्या दरापेक्षा बराच कमी असतो. त्यातही वेळ अशी की हिवाळ्यात साठवलेले युनिट मार्चअखेर मोडीत निघतात आणि एप्रिलला कूलर लागतो. व्यवसाय म्हणून वीज विकायची ही जागा नव्हे.

अनुदानाचं गणितही ३ वरच थांबतं. पीएम सूर्यघर योजनेत, जी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये मिळतात, एकूण ७८,०००. पाच घेतलं तरी ७८,००० च. अनुदानासाठी देशात बनलेल्या सेलची पॅनेल लागतात, ती थोडी महाग पडतात. कोटेशनमध्ये तसं लिहून घ्या. आणि ३ किलोवॅटला १३ अँपिअर म्हणजे तुमच्या जुन्या वायरीतही वाढ ११ ऐवजी ७ व्होल्टची. केबल बदलाच, पण आकार कमी ठेवल्याचा फायदा इथेही आहे.

ज्यांचा वापर महिन्याला १०० युनिटच्या आत आहे त्यांनी घाई करू नये, असं माझं मत. पहिल्या स्लॅबचा दर इतका कमी आहे की पैसे वसूल व्हायला फार वर्षं लागतात. सोलरचा खरा फायदा वरच्या स्लॅबमधले युनिट कापण्यात आहे.

कागदपत्रांत दोनच ठिकाणी अडतं. बिल कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. बिल वारलेल्या वडिलांच्या नावावर आणि बँक खातं मुलाचं, असं असेल तर अनुदान अडकतं. आधी नाव बदलून घ्या, मगच योजनेच्या पोर्टलवर नोंदणी करा. आणि थकबाकी शून्य हवी. मंजूर भाराची काळजी मात्र करू नका. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ ला दुरुस्ती झाली. तेव्हापासून १० किलोवॅटपर्यंतचा अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरला जातो आणि लागेल तेवढा भार कंपनीनेच वाढवून द्यायचा असतो. ५ किलोवॅटपर्यंत वितरण यंत्रणा बळकट करण्याचा खर्चही कंपनीचा. काम पूर्ण झाल्याचा दाखला दिल्यापासून १५ दिवसांत करार, मीटर आणि चालू करणं व्हायला हवं, पूर्वी ही मुदत ३० दिवसांची होती. सर्व्हिस केबल मात्र व्यवहारात ग्राहकच आणून देतो. त्यावर वाद घालण्यात उन्हाळा घालवू नका, केबल आणून द्या.

भार वाढला म्हणून स्थिर आकार वाढेल का, हे पुष्कळजण विचारतात. घरगुती सिंगल फेजला तो जोडामागे ठरलेला असतो, किलोवॅटमागे नाही, त्यामुळे २ चा ३ झाला तरी फरक नाही. पण एजन्सीच्या सांगण्यावरून थ्री फेज करून घेतलंत तर स्थिर आकार तिपटीहून जास्त होतो आणि तो सोलरने कमी होत नाही. 'बिल झिरो' म्हणणारा हे सांगत नाही. तुम्हाला ३ किलोवॅटसाठी थ्री फेजची काही गरज नाही.

तपासणीशिवाय मंजुरी मिळते म्हणून डीपीची क्षमता वाढत नाही, हेही लक्षात असू द्या. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांत एका ट्रान्सफॉर्मरवरचं एकूण सोलर त्याच्या क्षमतेच्या ७० टक्क्यांपर्यंत धरलं आहे, आधी ते ४० टक्के होतं. १०० केव्हीएच्या डीपीवर ७० किलोवॅट, म्हणजे ५-५ ची चौदा घरं. पण डीपीपासून दूर, शेवटच्या पोलावरची तीन-चार घरंसुद्धा त्याआधीच व्होल्टेज वर नेऊ शकतात. तुमच्या लाइनीवर आधी किती सोलर लागलंय ते वायरमनला विचारा, त्याला तोंडपाठ असतं.

आता एक गोष्ट जी बसवणाऱ्याला ठणकावून सांगायची. नेट मीटर (आलेली आणि गेलेली वीज वेगळी मोजणारा) लागेपर्यंत सोलर चालू ठेवायचं नाही. 'मीटर येईपर्यंत चालू ठेवू, तेवढीच बचत' असं म्हणतात. आपले जुने इलेक्ट्रॉनिक मीटर चोरी रोखण्यासाठी असे बनवलेले असतात की प्रवाह उलटा गेला तरी युनिट पुढेच मोजतात. म्हणजे छतावरून पोलाकडे गेलेला प्रत्येक युनिट तुमच्या वापरात धरला जातो. महिनाभर असं चाललं की बिल दुप्पट येतं आणि ते दुरुस्त करून घ्यायला कुठलाच आधार नसतो, कारण मीटर बरोबरच असतो. चाचणीसाठी पाच मिनिटं चालवणं वेगळं.

नेट मीटर लागल्यावर पहिलं बिल हातात घेऊन बसा. लोक इन्व्हर्टरवरचे युनिट आणि बिलावरचे युनिट जुळवायला जातात आणि भांडायला येतात. ते जुळणारच नाहीत. समजा महिन्यात ३६० युनिट बनले. त्यातले ११० दिवसा घरातच वापरले गेले, ते मीटरने बघितलेच नाहीत. २५० बाहेर गेले, तो एक्स्पोर्ट. रात्री आणि ढगाळ दिवसांत २७० आत आले, तो इम्पोर्ट. बिल होणार २७० वजा २५०, म्हणजे २० युनिटचं, अधिक स्थिर आकार वगैरे. त्या महिन्याचा खरा वापर ११० अधिक २७०, म्हणजे ३८०. बिलात इम्पोर्ट, एक्स्पोर्ट आणि मागची शिल्लक हे तीन आकडे दिसले पाहिजेत आणि मीटरच्या डिस्प्लेशी जुळले पाहिजेत. एक्स्पोर्टच्या जागी शून्य दिसलं तर बिलिंगमध्ये तुमचा जोड अजून साधाच राहिला आहे. मीटरचा फोटो तारखेसह काढून लगेच अर्ज द्या. तिथे झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल. व्यापारी-औद्योगिक टीओडी (दिवसाच्या वेळेनुसार वेगळा दर असलेल्या) जोडाचा हिशेब निराळा: दिवसाच्या ज्या टप्प्यात वीज बनली त्याच टप्प्यातल्या वापरातून ती आधी वजा होते आणि जास्तीची ऑफ-पीकमध्ये, म्हणजे कमी मागणीच्या टप्प्यात, धरली जाते. त्यामुळे कारखानदार मित्राचा अनुभव घरगुती बिलाला लावू नका.

लाइट गेली की सोलर बंद पडणार, भर उन्हातही. हे ऐकून बरेचजण खट्टू होतात. पण वायरमनने डीओ (डीपीवरचा फ्यूज) पाडला आणि तो पोलावर चढला, आणि तुमचं छत लाइनीत वीज सोडत राहिलं, तर काय होईल? ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो. खालून २३० दिले की वर ११,००० तयार होतात. म्हणून ग्रिड गेलं हे ओळखून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो, आणि त्याची तशी चाचणी झालेली असणं बंधनकारक आहे. मला भीती सोलर इन्व्हर्टरची वाटत नाही, घरातल्या जुगाडाची वाटते: चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) न लावता दोन पिनांच्या वायरीने सॉकेटमध्ये खुपसलेला छोटा जनरेटर. असा तुमच्याकडे असेल तर सोलरच्या आधी तो काढा.

लाइट गेल्यावरही चालायला हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्या, आणि फ्रिज, दिवे, पंखे एवढ्यांचा बोर्ड वेगळा करा. तो ग्रिडपासून तुटून बॅटरीवर चालतो. बॅटरीला अनुदान नाही. तुमच्याकडे लाइट किती जाते त्यावर ठरवा; दिवसाला तासभर जात असेल तर आधीपासून असलेला बॅटरीचा साधा इन्व्हर्टर पुरतो. फक्त सोलरची जोडणी त्या इन्व्हर्टरच्या आउटपुटच्या बाजूला करायची नाही. आणि शेतातला सौर कृषी पंप हा यात येत नाही. तो ग्रिडला जोडलेलाच नसतो, त्याची योजना वेगळी, त्याचे पॅनेल घराला जोडता येत नाहीत.

अर्थिंगबद्दल एवढंच: तीन खड्डे वेगळे हवेत, डीसीचा, एसीचा आणि (आकाशातून पडणाऱ्या विजेसाठीच्या) वीजरोधकाचा. एकाच खड्ड्यात तिन्ही पट्ट्या उतरवलेल्या दिसल्या तर शेवटचा हप्ता थांबवा.

भावाच्या सोसायटीचं. तिथे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्या कॉमन मीटरवर सोलर लावतात. अनुदान किलोवॅटला १८,०००. पुण्यात महावितरण, मुंबईत बेस्ट, टाटा किंवा अदानी, नियम एकाच आयोगाचे. गोव्यात मात्र आयोगही वेगळा आणि विद्युत खातंही. धोका जनरेटरचा. लाइट गेली, जनरेटर चालू झाला, की सोलर इन्व्हर्टरला तो ग्रिडच वाटतो आणि तो त्याला जोडून घेतो. दुपारी लिफ्ट थांबलेली, लोड ५ किलोवॅट, सोलर देतंय २०. उरलेली वीज जनरेटरमध्ये उलटी घुसते. त्यातून अल्टरनेटर, नियंत्रण कार्ड, क्वचित इंजिनही जातं. उपाय दोन आहेत. जनरेटर चालू असताना सोलर तोडणारा कॉन्टॅक्टर इंटरलॉक. तो स्वस्त आहे आणि लहान सोसायटीला पुरेसा. किंवा लोड बघून सोलर कमी-जास्त करणारा कंट्रोलर. जनरेटर रोज तासन्‌तास चालत असेल तरच त्याचा खर्च परवडतो. भावाला सांगा, कोटेशनमध्ये यातलं एकही लिहिलेलं नसेल तर सही करण्याआधी एजन्सीला सोसायटीच्या एएमएफ पॅनेलसमोर (लाइट गेली की जनरेटर आपोआप चालू करणाऱ्या बोर्डासमोर) उभं करून विचारायचं की सोलरचा जोड चेंजओव्हरच्या कुठल्या बाजूला येणार.